वर्गात या, आणि त्याच दिवशी बोलायला बसा

प्रति,
राज्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक यांस

सादर नमस्कार.

मी अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. पगार, रिक्त पदं, अशैक्षणिक कामं यांबद्दल या पत्रात लिहिणार नाही. ते प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. माझं मागणं एवढंच आहे की तुम्ही आमच्या वर्गात वरचेवर यावं, थोडा वेळ बसावं आणि त्याच दिवशी आमच्याशी बोलावं. यातलं शेवटचं झालं नाही तर आधीच्या सगळ्याचा उपयोग जवळजवळ होत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

आज बहुतेक शाळांत काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सत्रातून एकदा पाठनिरीक्षण. दिवस आधी कळवलेला असतो. टाचण पूर्ण करून ठेवायचं, तक्ते शोधायचे, प्रोजेक्टर चालतो का ते बघायचं. पुष्कळदा आदल्या दिवशी झालेलाच घटक पुन्हा घेतला जातो, म्हणजे हात भराभर वर जातात. मोठे सर दारात आले की वर्ग उभा राहतो, एका सुरात नमस्ते होतं, सर बसतात, तास संपतो आणि लॉगबुकात शेरा पडतो : ‘पूर्वतयारी चांगली. फलकलेखन सुवाच्य. आवाज स्पष्ट. विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक. शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा.’ खाली आमची सही. पुढच्या सत्रापर्यंत विषय संपतो.

यात कोणाचाही वाईट हेतू नसतो, हे मला माहीत आहे. पण ‘शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा’ हे वाचून उद्याच्या तिसऱ्या तासाला मी नेमकं काय वेगळं करावं? हे वाक्य वर्गात पाऊल न टाकताही लिहिता आलं असतं. एवढा वेळ वर्गात बसलेल्या, पंचवीस-तीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या नजरेला त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसलेलं असतं. ते त्यांच्या डोक्यात राहतं आणि आमच्यापर्यंत पोचत नाही. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

ही पद्धत आपल्याकडे आली ती तपासणीच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या शाळांना मिळणारं अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालावर ठरवलं जाई आणि ती परीक्षा घ्यायला खात्याचा अधिकारी येई. दिपोटी, म्हणजे तपासणीला येणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार म्हटलं की गावातल्या मास्तरांची झोप उडायची, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून आपण ऐकलेलं आहे. खातं बदललं, पदनामं बदलली, पण वर्गात बाहेरचा माणूस आला म्हणजे तो तपासायला आला ही भावना आजही तशीच आहे. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगाने शाळांचं प्रशासकीय काम आणि शिक्षकांना मिळणारं शैक्षणिक मार्गदर्शन ही दोन कामं वेगळी करावीत, अशी शिफारस केली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करणाऱ्या या माणसाने खेड्यातल्या शाळा जवळून पाहिल्या होत्या. तरीही आज साठ वर्षांनी एकाच माणसाने एकाच वहीत दोन्ही कामं उरकायची, अशी आपली रीत आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की आम्ही तर रोज राउंड घेतो. व्हरांड्यातून फेरी होते, खिडकीतून डोकावतो, कोणत्या वर्गात गोंगाट आहे, कोण तासाला पोचलेलं नाही, ते कळतं. शाळा चालवायला अशी फेरी लागते, याबद्दल वाद नाही. मात्र तिने आमचं शिकवणं सुधारतं हा समज सोडून द्यावा. अमेरिकेतल्या मायामी-डेड जिल्ह्यात जेसन ग्रिसम, सुझाना लोब आणि बेन मास्टर या संशोधकांनी सुमारे शंभर मुख्याध्यापकांचा दिवस कशात जातो याची नोंद तीन वेगवेगळ्या वर्षी, सोबत माणसं बसवून केली आणि त्यांच्या शाळांमधल्या मुलांच्या प्रगतीशी ती ताडून पाहिली. २०१३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिक्षकांना मार्गदर्शन करणं, त्यांच्या कामाचं नीट मूल्यमापन करणं, शाळेचा अभ्यासक्रम घडवणं यात मुख्याध्यापकांचा वेळ जात होता तिथे मुलांची प्रगती चांगली होती. नुसत्या वर्गफेऱ्यांचा संबंध उलटा निघाला. ज्या शाळांत फेऱ्या जास्त तिथे प्रगती कमी, आणि हे विशेषतः माध्यमिक शाळांत. ज्या मुख्याध्यापकांनी या फेऱ्यांचा उपयोग शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी केला नाही, त्यांच्याकडे हा दोष अधिक ठळक होता. पाहून निघून जाणाऱ्या माणसामुळे शिक्षकाला काही मिळत नाही आणि त्याच्या मनातला संशय वाढतो, असा मी याचा अर्थ लावते.

आपल्या शेजारच्या राज्यातलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मध्य प्रदेशात शाळांचं तपशीलवार मूल्यमापन करून प्रत्येक शाळेला तिचा स्वतःचा सुधारणा आराखडा देण्याचा कार्यक्रम राबवला गेला. मूल्यमापन व्यवस्थित झालं, आराखडे तयार झाले, कागद चोख होते. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी त्याचा परिणाम मोजला तेव्हा वर्गातल्या शिकवण्यात काही बदललं नव्हतं आणि मुलांच्या शिकण्यातही नाही. तरी कार्यक्रम यशस्वी झाला असं मानलं गेलं आणि तशाच धर्तीचं शाळा मूल्यमापन देशभर लाखो शाळांत गेलं. आपण त्याच मूल्यमापनाचे, म्हणजे शाळासिद्धीचे, तक्ते भरले आहेत. ते भरताना किती रात्री गेल्या हे तुम्हाला आठवत असेल. त्या तक्त्यांमुळे नववी ‘ब’च्या मागच्या बाकावर काय बदललं, हे मनाशी विचारून पाहा.

आता बोलण्याने काय होतं ते सांगते. आमच्या शाळेत एक तरुण सहकारी आठवीला विस्तार सूत्रं शिकवत होते. बेरजेचा वर्ग. त्यांनी फळ्यावर मोठा चौरस काढला, बाजू ‘अ अधिक ब’, त्याचे चार तुकडे केले, दोन चौरस आणि दोन आयत, आणि मधलं पद ‘दोन अब’ कुठून येतं ते सुंदर समजावलं. ते मन लावून शिकवणारे शिक्षक आहेत. पुढच्या दोन रांगांनी एका सुरात सूत्र म्हटलं. ‘समजलं का?’ ‘हो सर.’ त्या तासाला आमच्या पर्यवेक्षक बाई मागच्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये जाऊन बसल्या होत्या. बाईंचा विषय मराठी. गणिताचा आणि त्यांचा संबंध त्यांच्या दहावीनंतर आलेला नाही.

मधल्या सुट्टीत त्यांनी या सरांना बोलावलं नाही. त्या स्वतः स्टाफरूममध्ये आल्या, शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘सर, तुम्ही चौरस काढत होतात तेव्हा माझ्या बाजूच्या दोघी सूत्र वहीत उतरवत होत्या, कारण सूत्र तुम्ही आधीच वर लिहिलं होतं. त्यांनी चौरसाकडे बघितलंच नाही. त्यांनी तो कधी बघावा असं तुमच्या मनात होतं?’ बस, एवढंच. वर काही सल्ला नाही, फलकलेखन सुवाच्य नाही, आवाज स्पष्ट नाही.

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग दोघं चहा घेत बसले आणि त्यातून एक गोष्ट ठरली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूत्र आलंच नाही. प्रत्येक मुलाने कागदाचा चौरस घेतला, दोन घड्या घातल्या, चार तुकड्यांवर काय लिहायचं ते शेजाऱ्याशी बोलून ठरवलं. मग तीन आणि चार या संख्या घालून पाहिल्या. सातचा वर्ग एकोणपन्नास, आणि तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग केला की पंचवीसच. मधले चोवीस कुठे गेले? ते दोन आयतांत सापडले. बाई त्याच आठवड्यात पुन्हा येऊन गेल्या, दहा मिनिटं बसल्या आणि जाताना सरांना म्हणाल्या, ‘आज त्या दोघींनीच मला समजावून सांगितलं.’

या घटनेत मला जे महत्त्वाचं वाटतं ते असं. बाईंनी जे पाहिलं ते सरांना दिसणं शक्यच नव्हतं. शिक्षक फळ्याशी उभा असतो, त्याला पुढचे चेहरे दिसतात, वर आलेले हात दिसतात, आणि पन्नास-साठच्या वर्गात तेवढ्यावरच तास पुढे न्यावा लागतो. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला वह्या दिसतात. मुलं एकमेकांना हळूच काय विचारतात ते ऐकू येतं. कोणाला तासभरात एकही प्रश्न विचारला गेला नाही ते कळतं. म्हणून कृपा करून टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसू नका. तिथून तुम्हाला आमचंच शिकवणं दिसेल, आणि मुलांचं शिकणं पाठमोरं राहील.

‘हा माझा विषय नाही, मी काय सांगणार’ असं पुष्कळ मुख्याध्यापक मनापासून म्हणतात. इतिहासाच्या सरांना भौतिकशास्त्राच्या तासाला बसायला संकोच वाटतो. माझं म्हणणं असं की विषय माहीत नसलेला पाहुणा कधी कधी अधिक उपयोगाचा असतो, कारण तो त्या मुलांच्याच जागी असतो. त्याला समजलं नाही ते त्यांनाही समजलं नसण्याची शक्यता मोठी. शिवाय पाहण्यासारख्या कितीतरी गोष्टींना विषय लागतच नाही. एकच सांगते. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मी किती थांबते हे मला शिकवताना मोजता येत नाही. तुम्ही मनातल्या मनात आकडे मोजून मला सांगू शकता. त्यासाठी तुम्हाला त्रिकोणमिती यायला लागत नाही.

एका भेटीत एकच मुद्दा सांगा, हेही आग्रहाने सांगते. अनुभवी माणसाला पाच त्रुटी दिसतात आणि पाचही सांगण्याचा मोह होतो. पाच ऐकलेला शिक्षक एकही बदलत नाही, कारण तो स्वतःचा बचाव करण्यात गुंततो. एक मुद्दा, तोही डोळ्यांनी पाहिलेल्या प्रसंगासकट, आणि जमल्यास प्रश्नाच्या रूपात. मग तो मुद्दा बदलला का हे पाहायला आठ-दहा दिवसांत पुन्हा यायचं. ही दुसरी भेट फार मोलाची. तिच्यामुळे शिक्षकाला कळतं की आपल्या प्रयत्नाची कोणी दखल घेतं आहे. चांगलं दिसलं तर तेही असंच नेमकं सांगा. ‘छान तास झाला’ याने बरं वाटतं. पण ‘ती मुलगी चुकली तेव्हा तुम्ही तिला फळ्यापाशी उभी ठेवून वर्गाकडून वाट काढून घेतलीत, ती रडवेली झाली नाही’ हे ऐकलं की ते मी पुन्हा करते.

काही गोष्टी मात्र कधीही करू नका. मुलांसमोर शिक्षकाची चूक दुरुस्त करू नका, अगदी फळ्यावरचं ऱ्हस्व-दीर्घ असलं तरी. तो शब्द तासानंतरही सुधारता येतो. मुलांच्या डोळ्यांदेखत गेलेला मान मात्र त्या शिक्षकाला वर्षभर परत मिळत नाही. असं झालेल्या एका शिक्षण सेविकेला मी जवळून पाहिलं आहे. पुढचे कित्येक महिने ती दाराकडे बघत शिकवायची. तुम्ही आलात की वर्गाने उठायचं नाही हे मुलांना एकदा परिपाठाच्या वेळी सांगून टाका, म्हणजे तुमच्या येण्याने तास मोडणार नाही. आणि हातात वही-पेन घेऊन सतत लिहीत बसू नका. समोर कोणी लिहीत असलं की शिकवणाऱ्याचं अर्धं लक्ष त्या पेनाकडे असतं.

शिक्षण सेवकांचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबते. बी.एड.च्या आंतरवासितेत त्यांच्या पाठांना कोणीतरी बसत होतं, बोलत होतं. नोकरीवर रुजू झाल्या दिवसापासून वर्गाचं दार बंद होतं आणि आत ती शिक्षण सेविका एकटी असते. तीन वर्षांची सेवक म्हणून मुदत, मानधनावर घर चालवायचं, नोकरी पक्की होण्याची चिंता, आणि वेळापत्रकात बहुधा सगळ्यात अवघड वर्ग तिच्याच वाट्याला. शिकवण्याच्या बऱ्या-वाईट सवयी याच वर्षांत लागतात. भेटींची सगळ्यात जास्त गरज तिला आहे आणि सगळ्यात जास्त भीतीही तिलाच वाटते, कारण भेटीला येणारा माणूसच तिच्या कायम होण्याच्या कागदावर सही करणार असतो.

ही भीती काढायची जबाबदारी तुमची आहे, कारण सत्ता तुमच्याकडे आहे. खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे आमचा गोपनीय अहवाल लिहिला जातो, तो लिहिला जाणारच. पण या छोट्या भेटींत पाहिलेलं त्या अहवालात येणार नाही, हे शिक्षक सभेत सगळ्यांसमोर सांगा आणि मग ते पाळा. औपचारिक पाठनिरीक्षण वेगळं ठेवा, त्याचं लॉगबुक वेगळं. छोट्या भेटींची कसलीच फाइल करू नका. तुमच्या खिशातल्या डायरीत तारीख आणि एक ओळ पुरे. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही शाळांची तपासणी करणारी सरकारी संस्था आहे. तिचे निरीक्षक पूर्वी प्रत्येक पाहिलेल्या तासाला श्रेणी देत. २०१४ मध्ये ती पद्धत त्यांनी बंद केली. अर्ध्या तासाचं बघून शिक्षकाला आकडा चिकटवता येत नाही, हे अशा बलाढ्य यंत्रणेलाही मान्य करावं लागलं. आपण शेऱ्यांचा एवढा आग्रह का धरावा?

आणि माझ्या सहकारी शिक्षकांनाही इथेच एक शब्द. ‘आमच्यावर विश्वास नाही का’ हा प्रश्न आपण पहिल्या दिवशी विचारतो. ज्या डॉक्टरांच्या, गायकांच्या, खेळाडूंच्या कामाबद्दल आपण आदराने बोलतो ते सगळे जाणत्या नजरेसमोर काम करून वाढलेले असतात. आपलं काम तेवढ्याच तोलाचं आहे. अपमानाला विरोध करू या, तो केलाच पाहिजे, पण दार उघडं ठेवू या.

आता वेळेचं. तुमचा दिवस कसा जातो ते मी बघते. शालार्थची वेतन देयकं, युडायसवर भरायची शाळेची माहिती, संचमान्यता म्हणजे मंजूर पदांचा हिशेब, मुलांच्या आधार नोंदी, पोषण आहाराचा साठा, शिष्यवृत्तीचे आणि बोर्डाचे अर्ज, संस्थेच्या बैठका, निवडणुकीचे आदेश, आणि कित्येक शाळांत कारकुनाची जागाही रिकामी. या सगळ्यात वर्गभेटीला वेळ काढा असं म्हणताना मला संकोच वाटतो. तरी साधा हिशेब मांडते. शाळेत तीस शिक्षक धरा. रोज एका वर्गात दहा मिनिटं, आणि त्याच दिवशी त्या शिक्षकाशी दहा मिनिटं. दिवसाची वीस मिनिटं झाली. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. या हिशेबाने तुम्ही एकटे प्रत्येक शिक्षकाकडे वर्षात सात वेळा पोचता. परीक्षा, स्नेहसंमेलन, बैठकांत तीन भेटी बुडाल्या तरी चार उरतात. उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षकांनी वाटा उचलला तर त्याहून जास्त. आजच्या दोन पूर्ण तासांच्या निरीक्षणाला जेवढा वेळ जातो जवळपास तेवढाच हा वेळ, पण वर्षभर पसरलेला, आणि त्यातला निम्मा बोलण्याचा. ही वीस मिनिटं कोणत्या तासाला, ते वेळापत्रकात छापून टाका. छापलं नाही तर तालुक्याहून येणारा पहिला फोन ती खाऊन टाकेल.

प्रशिक्षणांचा विचार केला तर या वीस मिनिटांचं मोल अधिक कळतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तासांचा व्यावसायिक विकास पूर्ण करायचा आहे. आपण मोबाइलवर ‘निष्ठा’ या सरकारी शिक्षक प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम पूर्ण केले, प्रमाणपत्रं काढली. त्यांत काही साहित्य चांगलं आहे, मी त्यातून शिकलेही आहे. मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लाझार आणि डायलन होगन यांनी २०१८ मध्ये शिक्षकांना व्यक्तिशः मार्गदर्शन देण्याच्या साठ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पाहणं, बोलणं, पुन्हा पाहणं या पद्धतीने शिकवण्यात मोठी सुधारणा होते आणि मुलांच्या निकालातही ती दिसते, असं त्यांना आढळलं. त्याच आढाव्यात एक इशाराही आहे. असे कार्यक्रम थोड्या शिक्षकांसाठी असताना जेवढा परिणाम देतात तेवढा ते मोठ्या संख्येवर पसरवले की देत नाहीत. मला यात आपल्यासाठी आशाच दिसते. मुंबई-पुण्याहून एकदम हजारो शिक्षकांसाठी जे जमणं अवघड आहे, ते एका शाळेतल्या तीस जणांसाठी त्यांना नावानिशी ओळखणाऱ्या माणसाला जमू शकतं.

सुरुवात कशी करावी, याबद्दल माझी एक सूचना आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधी तुमचा वर्ग आम्हाला दाखवा. तुम्हीही तासिका घेता. महिन्यातून एका तासाला दोन शिक्षकांना मागे बसायला बोलवा आणि तास संपल्यावर त्यांना विचारा, काय दिसलं? तुमच्या तासाला दोन मुलं झोपली होती हे एका कनिष्ठ शिक्षकाने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलंत, ही बातमी स्टाफरूममध्ये लगेच पोचेल. त्यानंतर तुम्ही आमच्या दारात आलात तर कोणी दचकणार नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे आम्ही एकमेकांचे तास पाहणं. इंग्लंडमधल्या ८२ माध्यमिक शाळांत सायमन बर्जेस, शेनिला रावल आणि एरिक टेलर यांनी असा प्रयोग केला. शिक्षकांनी शिक्षकांचे तास पाहायचे, नंतर बोलायचं, त्याचा पगाराशी किंवा बढतीशी काही संबंध नाही. मुलांचे गणिताचे आणि इंग्रजीचे निकाल सुधारले. ज्यांचे तास पाहिले गेले त्यांच्या मुलांचे तर सुधारलेच, जे पाहायला गेले त्यांच्याही मुलांचे सुधारले. आपल्याकडे यात अडचण एकच, पाहायला गेलेल्या शिक्षकाचा तास कोण घेणार? तो तुम्ही घ्या. आठवड्यातून एक. त्या शिक्षकाला मोकळं करून मुख्याध्यापक स्वतः वर्गावर उभे राहिले, तर शाळेत काय महत्त्वाचं आहे ते सांगायला परिपत्रक लागत नाही.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत मुख्याध्यापकच एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळतात, तिथे हे पत्र जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे ही भूमिका केंद्रप्रमुखांची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणाऱ्यांची. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांच्या बरोबरीने वर्गात बसून जे उभं केलं ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तपासायला येणारं पद शिकवायला मदत करणारं होऊ शकतं, याला आपल्याच मातीतला पुरावा आहे.

शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांना विनंती, की वर्गभेटींचं उद्दिष्ट ठरवून देऊ नका. महिन्याला इतक्या भेटी, त्यांची लिंक, फोटो, अॅपवर नोंद, असं सुरू झालं की त्याच दिवशी या सगळ्याचं लॉगबुक होईल. तुम्हाला मदत करायची असेल तर मुख्याध्यापकांच्या सभेतला एक तास माहिती संकलनातून काढून द्या. त्या तासात एखाद्या वर्गाची चित्रफीत दाखवा आणि या शिक्षकाला आपण कोणता एक मुद्दा सांगू, यावर मुख्याध्यापकांना एकमेकांशी बोलू द्या. कसं बोलावं हे शिकवल्याशिवाय येत नाही, आणि मुख्याध्यापक झालेल्या माणसाला ते कोणीही कधी शिकवलेलं नसतं.

सर, मॅडम, दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होईल. पहिल्या शिक्षक सभेत तीन गोष्टी जाहीर करा. छोट्या भेटींची नोंद गोपनीय अहवालात जाणार नाही, भेट झाली त्याच दिवशी तुम्ही बोलायला याल, आणि तुमचा स्वतःचा कोणता तास कोणत्या दिवशी पाहायला खुला आहे. आमच्या शाळेत तशी यादी लागली तर तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसायला मी पहिलं नाव देईन.

आपली विश्वासू,
माध्यमिक शाळेतील एक गणित शिक्षिका